तीनशेचे तीनशे साठ

श्रीरंग वाडेगावकरांनी घरी बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जिथे तीनशे व्होल्ट दिसायला हवे होते तिथे मीटरनं तीनशे साठ दाखवले, तेव्हा त्यांना मनातून बरंच वाटलं. हे त्यांनी कोणाजवळ कबूल केलं नाही. पण एखादी वस्तू पहिल्याच तपासणीत बरोबर निघाली तर तपासणाऱ्याची किंमत काय राहिली, असा त्यांचा सवाल असे. लखनौला मानकनगरात रेल्वेची संशोधन संस्था आहे, तिथे डब्यांच्या स्प्रिंगा तपासायच्या खात्यात ते उपसंचालक होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी पहिल्या फेरीत पास केलेली स्प्रिंग अजून कोणाच्या पाहण्यात आली नव्हती.

अ‍ॅम्प्लिफायर होता मधुमतीबाईंच्या गाण्यासाठी. महाराष्ट्र मंडळाच्या गेल्या वर्धापनदिनाला त्या गायला बसल्या, तेव्हा मंडळानं भाड्यानं आणलेल्या लाऊडस्पीकरनं ऐन तार षड्जाला अशी काही शिट्टी मारली की पहिल्या रांगेतली पोरं कानांवर हात ठेवून पळाली आणि मागच्या रांगांत हसू फुटलं. लोक वाईट मनानं हसले नव्हते. लखनौसारख्या ठिकाणी मराठी माणसं मोजकी. ती एकमेकांना हसणार नाहीत तर कोणाला हसणार? पण मधुमतीबाईंनी पेटीचा भाता शांतपणे बंद केला, त्या उठल्या आणि घरी आल्या. त्यानंतर त्या मंडळात तर नाहीच, पण स्वयंपाक करतानासुद्धा गुणगुणल्या नाहीत. वर्षभर त्या घरात सुरात काय ते कुकर तेवढा वाजत होता.

वाडेगावकरांना याचं फार वाईट वाटलं होतं. पण बायकोला असं तोंडावर सांगायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती, म्हणून एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "यंदा माइक माझा. अ‍ॅम्प्लिफायर मी बांधतो. वॉल्व्हचा."

"बघू," मधुमतीबाई म्हणाल्या. वाडेगावकरांच्या घरात 'बघू' म्हणजे जवळजवळ होकार असे, त्यामुळे ते दुसऱ्याच रविवारी नखासच्या बाजारात गेले.

शेजारच्या क्वार्टरमधले सतीश निगम हे त्याच संस्थेत रुळांच्या विभागात होते. त्यांनी लगेच सल्ला दिला की लाटूश रोडवर तयार ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर मिळतो, गॅरंटीसकट. "ट्रान्झिस्टर ओरडतो, निगमसाहेब. वॉल्व्ह गातो," वाडेगावकरांनी त्यांना हिंदीत ऐकवलं. मागल्या पिढीच्या रेडिओत त्या काचेच्या नळ्या असायच्या ना, तापल्या की आतून नारिंगी दिसणाऱ्या, तेच हे वॉल्व्ह. नखासला कबुतरांचे पिंजरे आणि एकेकटे बूट यांच्यामध्ये बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे त्यांना असे चार मिळाले. आता खरं सांगायचं तर गेल्या वर्षीच्या शिट्टीचं कारण एवढंच होतं की कोणीतरी माइक बरोबर स्पीकरच्या तोंडासमोर ठेवला होता. तो हातभर बाजूला सरकवला असता तरी भागलं असतं. पण जे हातभर सरकवून भागतं त्यात नवऱ्यानं बायकोसाठी काय केलं, हे कोणाच्या लक्षात येणार?

तेव्हा मागच्या कोठीच्या खोलीत टेबल मांडलं गेलं. गव्हाचं पिंप आणि लोणच्याच्या बरण्या बाहेरच्या खोलीत सोफ्याशेजारी आल्या, आणि पाहुण्यांना 'हे तात्पुरतं आहे' असं सांगायचं काम पूर्वाकडे आलं. पूर्वा म्हणजे वाडेगावकरांची दहावीतली मुलगी. तिला मराठी सगळं समजे, पण उत्तर हिंदीत येई. "अंकल, पापा कुछ बना रहे हैं," एवढं सांगून ती टीव्हीकडे वळायची.

कामाला हात घालण्यापूर्वी वाडेगावकरांनी पहिल्या दिवशी घरचा वीजपुरवठा तपासला. मानकनगरात वीज कमी दाबानं येई, पण इमानदारीनं कमी येई. एकशे ऐंशी म्हणजे एकशे ऐंशी. ती वाढवायला टेबलाच्या वर फळीवर स्टॅबिलायझर होता. लखनौत त्या काळी घरटी एक असायचाच. लोखंडी डबा, पुढे एक काळा नॉब, त्याला पाच घरं. एक घर पुढे फिरवला की वीस-बावीस व्होल्ट वाढत. वाडेगावकरांनी नॉब दोनवर ठेवला, सॉकेटमध्ये मीटर घातला, दोनशे बावीस आले. पास. आणि एकदा पास झालेल्या वस्तूला पुन्हा हात लावायचा नाही हा संस्थेचा नियम होता, नाहीतर तपासण्या कधी संपल्याच नसत्या. त्यांनी मधुमतीबाईंना आणि पूर्वाला बोलावून बजावलं, "या नॉबला आता कोणी हात लावायचा नाही."

"फ्रिज याच्यावरच आहे," मधुमतीबाई म्हणाल्या. "तो घरघरायला लागला तर?"

"घरघरू दे."

आणि मग ते तीनशे साठ आले.

रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर वाडेगावकर चहा घेत, कोठीच्या खोलीत जात, कथील वितळवायची सोल्डरिंगची इस्त्री तापायला लावत आणि मग अ‍ॅम्प्लिफायर चालू करून मीटरच्या काड्या टेकवत. तीनशे साठ. एक कपॅसिटर बदलला, तीनशे साठ. दोन रेझिस्टर बदलले, तीनशे अठ्ठावन्न. त्या रात्री जेवताना ते दोन व्होल्टांवर बराच वेळ बोलले. वॉल्व्हांची अदलाबदल केली, पुन्हा तीनशे साठ. हे वाढीव साठ व्होल्ट काही नुसते कागदावरचे नव्हते. त्यांच्यामुळे वॉल्व्ह वाजवीपेक्षा जास्त तापत होते, आणि असेच तापत राहिले तर ऐन कार्यक्रमात फुस्स होतील हे सांगायला ज्योतिषी नको होता. पुन्हा एकदा भर हॉलमध्ये मधुमतीबाईंच्या गाण्याचा विचका झाला असता, आणि तोही या खेपेला नवऱ्याच्या हातून.

त्यातही गंमत अशी की एका रविवारी सकाळी मंडळाचे चिटणीस उल्हासराव हुद्दार प्रगती पाहायला आले आणि त्यांच्यासमोर वाडेगावकरांनी काड्या टेकवल्या तर बरोब्बर तीनशे. उल्हासराव बँकेत मॅनेजर. त्यांना व्होल्टांतलं काही कळत नव्हतं, पण आकडा जुळला की त्यांना आनंद होई. ते चहा पिऊन, पाठ थोपटून गेले, आणि कार्यक्रमपत्रिकेत 'सुगम गायन: सौ. मधुमती वाडेगावकर' छापून टाकलं. संध्याकाळी वाडेगावकर अखेरचं एक सोल्डरिंग करायला बसले. तीनशे साठ.

"चार लोकांत शहाण्यासारखं वागतं आणि घरी हे असं," ते मधुमतीबाईंना म्हणाले.

"घराण्याचा गुण असेल," मधुमतीबाई म्हणाल्या.

एव्हाना ही बातमी कॉलनीभर झाली होती. मानकनगरात एकापेक्षा एक इंजिनियर राहत. त्यांतले बहुतेक चाकं, ब्रेक, रूळ नाहीतर पूल यांतले होते, त्यामुळे विजेबद्दल प्रत्येकाचं मत पक्कं होतं. निगमसाहेबांचं म्हणणं अर्थिंग खराब. पुलांच्या विभागातल्या एका गृहस्थांनी दमट हवेला दोष दिला आणि अ‍ॅम्प्लिफायर तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितला. समोरच्या आजोबांनी मीटरच खोटा ठरवला. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्या लाटूश रोडच्या दुकानदाराला तर वाडेगावकरांनी नुसतं 'जास्त व्होल्ट येतात' म्हटलं, तर तो दुखावला. "साहब, लोग कम की शिकायत लेकर आते हैं. आप ज़्यादा की ले आए," असं म्हणून त्यानं शेजारच्या दुकानदारालाही हा नमुना बघायला बोलावलं. वाडेगावकर परत येईपर्यंत स्कूटरवर एक अक्षर बोलले नाहीत. अर्थात स्कूटरवर ते एकटेच होते.

शेवटी त्यांनी ठरवलं की हा न्याय संस्थेच्या प्रयोगशाळेतच व्हायला हवा, तिथल्या प्रमाणित मीटरवर. सब्जीच्या पिशवीत अ‍ॅम्प्लिफायर घालून, वरून कोथिंबिरीसारखी वायरींची टोकं दिसताहेत अशा अवस्थेत ते फाटकातून आत गेले. चौकीदारानं सलाम ठोकला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी प्रयोगशाळेत यंत्र जोडलं. तीनशे. अर्धा तास चालू ठेवलं. तीनशे. दवाखान्यात पाऊल टाकताच ताप उतरलेल्या रोग्यासारखं ते यंत्र तिथे नारिंगी उजेडात निवांत बसलं होतं.

संध्याकाळी बाहेर पडताना चौकीदारानं सलाम ठोकला आणि पिशवीकडे बोट केलं. "साहब, गेट पास?"

"ही माझी घरची वस्तू आहे," वाडेगावकर हिंदीत म्हणाले. "सकाळी मीच आणली."

"जी. तो अंदर लाने की एंट्री दिखा दीजिए."

एंट्री नव्हती. आणि एंट्रीशिवाय आत आलेली वस्तू संस्थेची समजली जाईल, असा स्पष्ट नियम फाटकावरच्या पाटीवर होता. पाटीखाली सही होती 'श्री. वाडेगावकर, उपसंचालक'. तो नियम त्यांनी स्वतः, कोणीतरी घरचा पंखा आणून संस्थेचा नेल्यानंतर, मोठ्या हौसेनं लिहिला होता. नियम मोडायचा तर सही खोडायला हवी होती, आणि सही खोडण्यात अर्थातच सहीचा अपमान होता. अ‍ॅम्प्लिफायर चौकीदाराच्या खोलीत राहिला. त्यावर डबा ठेवून चौकीदार जेवू लागला.

वस्तू संस्थेची आहे तर ती कुठल्या खात्याची, हा प्रश्न पुढचा आठवडाभर स्प्रिंग खात्याकडून भांडार खात्याकडे आणि तिथून परत येत राहिला. शेवटी भांडार अधिकाऱ्यानंच वाट काढली. चालू वस्तू बाहेर जाऊ शकत नव्हती, पण भंगार जाऊ शकत होतं. 'सदर यंत्र तपासले असता पूर्णपणे निरुपयोगी आढळले' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याखाली तपासनीस म्हणून वाडेगावकरांनी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी धडधडीत उत्तम वस्तू नापास केली होती. घरी आल्यावर त्यांनी ती पुसली, जोडली, इस्त्री तापायला लावली, काड्या टेकवल्या. तीनशे साठ.

आता कार्यक्रम अगदी जवळ आला होता. त्या संध्याकाळी निगमसाहेब सहज डोकावले. वाडेगावकर कपाळाला हात लावून बसले होते.

"इनपुट देखा?" निगमसाहेबांनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी पास केलंय."

"पास तो हमने भी बहुत कुछ किया है, साहब," निगमसाहेब म्हणाले. "एक बार और देख लीजिए, क्या जाता है."

केवळ शेजारधर्म म्हणून वाडेगावकरांनी सॉकेटमध्ये मीटर घातला. दोनशे चौसष्ट. त्यांनी वर पाहिलं. स्टॅबिलायझरचा नॉब चारवर होता.

त्या क्षणी वाडेगावकरांच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख झालं. वीज ठीक, ट्रान्सफॉर्मर ठीक, वॉल्व्ह ठीक; फक्त घरातलं कोणीतरी येऊन नॉब दोन घरं पुढे सरकवत होतं. आणि लखनौत हे नवल नव्हतं. दिवा मिणमिणला की जाता येता नॉब पुढे करायचा, भगभगला की मागे घ्यायचा, हे तिथे दार लोटून घेण्याइतकं अंगवळणी पडलेलं असतं. फ्रिजच्या काळजीनं मधुमतीबाई पूर्वी दिवसातून चारदा नॉब फिरवायच्या, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

"मधुमती," त्यांनी हाक मारली. ती जरा वरच्या पट्टीतच गेली.

मधुमतीबाई कणकेच्या हातांनी दारात आल्या.

"नॉब तू फिरवलास."

"मी नाही."

"फ्रिज घरघरला की तू फिरवतेस. मी पाहिलंय."

"फिरवायचे. तुम्ही नको म्हणालात, तेव्हापासून बोट लावलेलं नाही."

"मग काय तो आपोआप फिरतो?" वाडेगावकर म्हणाले. चौकीदाराचा डबा, लाटूश रोडचं हसू, भंगारावरची सही, सगळं त्यांच्या गळ्याशी आलं होतं. "तुला गायचंच नाहीये, असं सरळ सांग ना. माझी मेहनत कशाला वाया घालवतेस?"

बोलून झाल्याबरोबर त्यांना कळलं की हे बोलायला नको होतं. पण ते बोलून झालं होतं, आणि तेही निगमसाहेबांसमोर. निगमसाहेबांना मराठी येत नव्हती. पण नवरा-बायकोचं भांडण कळायला कुठे भाषा लागते. "अच्छा, हम चलते हैं, भाभीजी," असं पुटपुटत ते चपला उलट्यासुलट्या घालून गेले.

मधुमतीबाईंनी हाताची कणीक एका बोटावरून दुसऱ्या बोटानं काढली. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "नाही गायचं."

इथे एखादा साधा माणूस असता तर त्यानं तिथल्या तिथे माफी मागितली असती. पण वाडेगावकर तपासणीतले अधिकारी होते. आरोप मागे घ्यायचा तर आधी तो खोटा ठरायला हवा, आणि खरा असेल तर तो सिद्ध व्हायला हवा. काहीही झालं तरी मध्ये पुरावा हवाच. केंद्र सरकारच्या नोकरीत लाचखोराला पकडताना नोटांना पावडर लावतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ऑफिसातून शिक्क्याची जांभळी शाई आणली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नॉब दोनवर आणून त्याच्या कडेला ती ब्रशनं जाडसर लावली. काळ्या नॉबवर ती दिसत नव्हती. ती शाई तीन धुण्यांत जात नाही, हे त्यांच्या दोन शर्टांवरून सिद्ध झालेलं होतं.

मग कोणाला संशय येऊ नये म्हणून ते अंगणात फेऱ्या मारून आले, चहा प्याले आणि रोजच्यासारखे कोठीच्या खोलीत जाऊन कामाला बसले. थोड्या वेळानं काड्या टेकवल्या. तीनशे साठ. वर पाहिलं. नॉब चारवर.

वाडेगावकरांना इतका आनंद त्या महिन्यात झाला नव्हता. गंभीर विचार करताना नाकाचं हाड चिमटीत धरायची त्यांची सवय होती, ती त्यांनी पुरी केली. मग मिशी चोळली, कान खाजवला आणि ते बाहेरच्या खोलीत आले.

तिथे उल्हासराव आणि त्यांच्या पत्नी पद्मिनीबाई बसले होते. मधुमती गाणार नाही हे कानावर गेल्यामुळे ते दोघे तिची समजूत घालायला आले होते. मधुमतीबाई मान खाली घालून बसल्या होत्या. पूर्वा पिंपाला टेकून पुस्तक वाचत होती. दार लोटून वाडेगावकर आले तशी सगळ्यांनी मान वर केली, आणि ती तशीच राहिली. आपल्या चेहऱ्यावरच्या करारीपणाचा हा परिणाम आहे असं वाडेगावकरांना वाटलं.

"हात दाखवा," ते म्हणाले.

"कोणी?" उल्हासराव म्हणाले.

"सगळ्यांनी. कोणावर अन्याय नको."

उल्हासरावांनी मुकाट्यानं हात पुढे केले; बँकेत वरचा साहेब आला की काहीही दाखवायची त्यांना सवय होती. पद्मिनीबाईंनीही केले, पण पदर तोंडात धरून. पूर्वाचे हात स्वच्छ होते. मधुमतीबाईंनी दोन्ही तळवे नवऱ्यापुढे धरले. वाडेगावकरांनी ते उलटे केले, सुलटे केले, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं. हळदीचा पिवळा डाग होता, जांभळं काही नव्हतं.

"पापा," पूर्वा म्हणाली, "और आपके?"

वाडेगावकरांनी आपला डावा हात पाहिला. अंगठा आणि दोन बोटं गडद जांभळी होती. मग पद्मिनीबाईंना राहवेना आणि त्या उठून आत गेल्या, तेव्हा वाडेगावकरांनी भिंतीवरच्या आरशात पाहिलं. नाक जांभळं, मिशीची एक बाजू जांभळी, कानाची पाळी जांभळी. मोठ्या सरकारी शिक्क्यानं त्यांना कोणीतरी बऱ्याच ठिकाणी पास केलं होतं.

ते कोठीच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. इस्त्रीची पिन उपटून नॉब दोनवर आणला, टेबलाशी उभे राहिले आणि रोज करत तेच केलं. उजव्या हातानं इस्त्रीची पिन सॉकेटमध्ये घातली, आणि डावा हात आपसूक वर गेला आणि नॉब दोन घरं पुढे करून खाली आला. त्यांनी तो हात परक्या माणसाचा असावा तसा न्याहाळला. मग आठवलं. एकशे ऐंशीवर काय नि दोनशेवर काय, इस्त्री नीट तापत नाही, कथील वितळत नाही, म्हणून लखनौला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी ही युक्ती काढली होती. पुढे डोकं ती विसरलं, हातानं मात्र नोकरी चालू ठेवली. इस्त्री काढताना तोच हात नॉब परत दोनवर आणून ठेवत होता, इतका तो शिस्तीचा होता. रविवारी सकाळी उल्हासरावांसमोर इस्त्री लावली नव्हती. प्रयोगशाळेत इस्त्रीचा प्रश्नच नव्हता. म्हणजे जेव्हा जेव्हा ते दुरुस्तीला बसले, तेव्हा तेव्हाच यंत्र बिघडलं होतं.

त्यांना खरोखर लाज वाटली. जांभळ्या नाकाची नव्हे. कणकेचे हात घेऊन दारात उभ्या असलेल्या मधुमतीबाई त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात.

पुढचे काही दिवस नाकाचा रंग हळूहळू उतरत गेला. संचालकांनी भर बैठकीत 'कुछ लगा है' म्हणून खूण केली, तेव्हा वाडेगावकरांनी ते मान्य केलं आणि स्प्रिंगांचा विषय पुढे चालू ठेवला. इस्त्री त्यांनी स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर नेली. अ‍ॅम्प्लिफायर आता सकाळ-संध्याकाळ, केव्हाही लावा, तीनशे दाखवत होता. काटा तीनशेवर पाहिला की त्यांना वाटे की हे सगळं कोणासाठी चाललंय?

"तांत्रिक दोष सापडला," एकदा त्यांनी मधुमतीबाईंना कळवलं.

"कोणाचा?"

"नॉबचा."

"अच्छा," मधुमतीबाई म्हणाल्या आणि भाजी निवडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. "झालं गेलं, आता तो विषय बंद करू."

"तुमचा झाला असेल," मधुमतीबाई म्हणाल्या. मग आवाज न चढवता त्या पुढे बोलल्या, "गेल्या वर्षी लोक हसले. त्यांचं काय, ते परके. पण मला गायचंच नाही, हे तुम्ही कसं म्हणालात? आणि ते चारचौघांत? निगम भाईसाहेब तेव्हापासून माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, बिचारे." एकट्यात माफी मागायचीच वाडेगावकरांना सवय नव्हती, तर चारचौघांत मागायला ते कुठून सुरुवात करणार?

वर्धापनदिनाला मंडळानं आलमबागेतल्या एका शाळेचा हॉल घेतला होता. वाडेगावकर दुपारीच अ‍ॅम्प्लिफायर, स्टॅबिलायझर आणि स्पीकर सायकलरिक्षात घालून स्वतः स्कूटरवर मागोमाग गेले. ज्या कार्यक्रमात गाणारंच कोणी नाही त्यासाठी त्यांनी दोन तास वायरी ओढल्या. स्पीकर माइकपासून लांब, हॉलच्या मागच्या बाजूला ठेवला; तेवढं आता त्यांना पटलं होतं. हॉल भरला. ओळखीचे म्हणून निगमसाहेबही सहकुटुंब आले. मधुमतीबाई आल्या, पण पेटी न घेता, आणि पद्मिनीबाईंच्या शेजारी अगदी मागच्या रांगेत बसल्या. उल्हासराव कार्यक्रमपत्रिकेनं स्वतःला वारा घालत होते. पत्रिकेवर गायन छापलेलं होतं.

"वाडेगावकर, माइक टेस्ट करा हो," ते म्हणाले. "पुढचं बघू."

वॉल्व्ह तापून नारिंगी झाले. वाडेगावकर माइकसमोर उभे राहिले. अशा वेळी माणूस 'हॅलो, हॅलो' म्हणतो. त्यांनी तोंडही तेवढ्यासाठीच उघडलं होतं. पण समोर सगळी ओळखीची तोंडं होती, आणि शेवटच्या रांगेत मधुमतीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. सभेत बोलताना त्यांना नेहमी हातात कागद लागे. आज कागद नव्हता.

"मी श्रीरंग वाडेगावकर," ते म्हणाले. आवाज हॉलभर स्वच्छ, गोल पसरला. शिट्टी नाही, खरखर नाही. "स्टॅबिलायझरचा नॉब मी फिरवत होतो. माझ्या पत्नीनं फिरवला नव्हता. तिला गायचं नाही असं मी म्हणालो, ते खोटं होतं. माझं चुकलं." मग निगमसाहेब दिसले, म्हणून त्यांनी तेच सगळं हिंदीत सांगितलं.

उल्हासरावांचा वारा थांबला. वाडेगावकर घामानं डबडबले होते, पण माइकपासून हलले नाहीत.

शेवटच्या रांगेत मधुमतीबाई उभ्या राहिल्या. "मागे नीट ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या.

स्पीकर त्यांच्यापासून चार खुर्च्यांवर होता. अ‍ॅम्प्लिफायर उत्तम चालला होता, हे हॉलमधल्या प्रत्येकाला कळत होतं आणि तो बांधणाऱ्याला तर सगळ्यांत जास्त. पण अ‍ॅम्प्लिफायर बरोबर आहे असं म्हणायची ही वेळ नव्हती, एवढं वाडेगावकरांना त्या दिवशी समजलं. त्यांनी घसा साफ केला, माइक जरा जवळ ओढला आणि पहिल्यापासून, शब्द न गाळता, सावकाश सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी 'माझं चुकलं' हे त्यांनी आधी म्हटलं आणि नॉबचं नंतर.

मधुमतीबाईंनी पर्स पद्मिनीबाईंच्या मांडीवर ठेवली आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं त्या पुढे येऊ लागल्या. स्टेजच्या पायरीशी आल्यावर त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"पेटी घरी आहे," त्या म्हणाल्या. "स्कूटर काढा."